मैनेचा मागचा पाय

चित्रकला शिकायला मी सटाण्याहून नाशिकला निघाले, तेव्हा अप्पा मला सोडायला घोडी घेऊन एसटी स्टँडवर आले होते. वरातीला घोडी भाड्याने देणं हा त्यांचा धंदा, आणि त्या दिवशी तिथूनच पुढे एका लग्नाला जायचं होतं. झूल, गोंडे, घुंगरं घातलेली मैना फलाटाशी उभी आणि शेजारी बॅग धरून मी. जो तो विचारत होता, नवरदेव कुठंय? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अप्पा मात्र शांतपणे म्हणाले, "पोरी, येळवर जेवत जाय." रडायचं होतं ते रागाच्या भरात राहूनच गेलं.

आता नाशिकच्या फ्लॅटमध्ये, गॅलरीत बसून मी घोडेच रंगवते. रेझिनचे, वीतभर उंचीचे, हुबेहूब खऱ्यासारखे. गिऱ्हाइकं परदेशातली. ती आपल्या घोड्याचे सगळ्या बाजूंनी फोटो पाठवतात आणि नाकपुडीजवळचा ठिपका जरा सरकला तरी लांबलचक मेल करतात. एअरब्रशने थरावर थर द्यायचे, मग बारीक ब्रशने एकेक केस काढायचा. डोळे फुटायची वेळ येते. सोसायटीतल्या काकू हे सगळं बघून म्हणतात, "दिवाळीच्या किल्ल्यावर ठेवायला एक दे ना गं." काय बोलायचं!

माझ्यासारखं गाव सोडलेल्यांना माहीत असेल, आपल्याकडे घरचे कधी काही मागत नाहीत. अप्पांनी मागितलं. मैना जाऊन बरीच वर्षं झाली. वरातींना आता बग्गी आणि डीजे लागतो. अप्पांचा एक डोळा गेलाय, दुसराही चाललाय. दिसतंय तोवर मैना एकदा बघायचीय, एवढंच ते फोनवर म्हणाले.

मी नातेवाइकांकडून, ओळखीपाळखीतून लग्नाचे अल्बम मागवले. सगळ्यांत मैना होती आणि एकातही दिसत नव्हती. अंगावर झूल, पायांपुढे नाचणारी माणसं. तांबडी घोडी, कपाळावर पांढरा पट्टा, इथवर घरात एकमत होतं. पायांवरून मात्र रणकंदन माजलं. आई ठासून म्हणाली, "चारी पाय धवळा व्हतात. पंचकल्याणी व्हती मनी मैना." पंचकल्याणी म्हणजे चारी पाय आणि तोंड पांढरं; वरातीला तीच शुभ. तिला रोज धुणारा माझा धाकटा भाऊ नितीन म्हणाला, मागचा उजवा पाय काळा होता. दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं आणि भांडणासाठी मला फोन करायला लागले. अप्पांना विचारलं तर म्हणे, "तुनी माय सांगस तेच." परक्यांच्या घोड्यांचे ठिपके मला पाठ आणि जिच्या पायांत खेळून वाढले तिचा पाय आठवेना! चिडचिड नुसती.

शेवटी आईचं ऐकलं. चारी पाय पांढरे केले, दृष्ट लागेल अशी मैना उतरवली आणि सटाण्याला घेऊन गेले. अप्पांनी ती दारातल्या उजेडात डोळ्याजवळ धरली, फिरवून फिरवून पाहिली.

"हाई भाडानी घोडी शे," ते म्हणाले. "आपली कोठे शे?"

आई पदरात तोंड लपवून हसत सुटली. नितीनचंच खरं होतं. पण एक पाय काळा म्हटल्यावर गिऱ्हाईक नाक मुरडायचं, म्हणून दर वरातीआधी अप्पा तो पाय पांढऱ्या बूट-पॉलिशने रंगवायचे. लग्नसराईत माझ्या पीटीच्या बुटांना पॉलिश का उरायचं नाही, ते मला इतक्या वर्षांनी कळलं. चारी पाय पांढरे, हे आई लोकांना सांगून सांगून स्वतःच खरं मानायला लागली होती. मी कपाळाला हात लावला. हे फोनवर सांगायला काय झालं होतं? अप्पा गंभीरपणे म्हणाले, "धंदानी गोट शे ती." धंदा बंद होऊन जमाना झाला तरी धंद्याचं गुपित!

मी तिथेच रंग काढून बसले. काळा कुठवर, तांबडा कुठून, अप्पा बोटाने दाखवत होते. वाळल्यावर त्यांनी ती पुन्हा डोळ्याजवळ नेली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

घर म्हणजे मला आता एवढंच वाटतं: वरात नसताना आपण कसे दिसतो हे ज्यांना माहीत असतं, आणि ज्यांना आपण तसेच हवे असतो, ती दोन-तीन माणसं. त्यातल्या एकाची नजर चाललीय आणि मी नाशिकला बसलेय, याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.