बदलत राहणारे डोंगर

विश्रांतवाडीत आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. दोघीही अकोल्याकडच्या, कॉम्प्युटरचा कोर्स करायला पुण्यात आलेल्या. बुधवार पेठेत हिंडून हिंडून सुटे भाग घेतले आणि दोघींत मिळून एक कॉम्प्युटर जोडून आणला. मी त्यावर अभ्यास करायचे. ती त्याला सजवायची.

मासिकाबरोबर फुकट आलेल्या एका सीडीत तिला एक प्रोग्रॅम सापडला. डेस्कटॉपवरचं चित्र तो थोड्या थोड्या वेळाने आपोआप बदलायचा. मग ती सायबर कॅफेतून फ्लॉपीवर चित्रं भरून आणू लागली. बर्फाचे डोंगर, समुद्र, कुठलंसं लाल वाळवंट. जिथे आपण दोघी जाणार तेवढीच ठेवायची, असा तिचा नियम. मी भाजी चिरत असले की हाक मारायची, "ये ना गं, डोंगर बदलला."

"तिकडे जायला पासपोर्ट लागतो," मी म्हणायचे.

"मग काढू की."

नोकरी तिला माझ्याआधी लागली. रुजू व्हायच्या आठवड्यातच घरमालकिणीकडे तिच्या वडिलांचा फोन आला. पाहुणे बघायला येणार होते. दोन दिवसांसाठी म्हणून ती एक पिशवी घेऊन गेली. लग्न ठरलं आणि महिन्याच्या आत झालंही. सासरी आडतीचा धंदा, नोकरी करणारी सून त्यांना नको होती. तिचं सामान न्यायला भाऊ आला. कॉम्प्युटरकडे बघत म्हणाला, "हा तुमच्याकडंच राहू द्या म्हणाली ताई."

चित्रं बदलत राहिली. मी नोकरीवरून येऊन त्यांच्यासमोर जेवायचे.

वर्षभराने ती आली. नवऱ्याचं मार्केट यार्डात काम होतं. त्याने तिला खोलीवर सोडलं, काम उरकून न्यायला येतो म्हणाला. ती पलंगाच्या कडेला परक्यासारखी बसली. मी काय काय विचारत होते, ती "हो, बरं आहे" एवढंच म्हणत होती. समोर समुद्र जाऊन लाल वाळवंट आलं, तेव्हा तिचं लक्ष गेलं.

"अजून चालू ठेवलंस हे?"

"मी कशाला बंद करू?"

ती उठून खुर्चीवर बसली. माउस हातात घेतला आणि दोन-तीन क्लिकमध्ये प्रोग्रॅम काढून टाकला. स्क्रीनवर नुसता निळा रंग उरला.

"असं बरं," ती म्हणाली. "नाहीतर वाट बघत बसशील माझी."

"बसले तर तुझं काय जातं?"

तिचे डोळे भरले होते, ते तिने पुसलेही नाहीत. खालून रिक्षाचा हॉर्न वाजला. निघताना आपल्याकडे 'येते' म्हणतात. ती "जाते" म्हणाली.

पुढे तिचा फोन आला तो एकदाच, मुलगी झाल्याचं कळवायला. मी नाव विचारलं. ते सांगायच्या आत मागून कुणीतरी तिला बोलावलं, आणि फोन ठेवला गेला.