मजूर हॉलमध्ये माय

गोंदियाचा मजूर हॉल पाडणार आहेत, असं माझ्या शाळेतल्या एका शिक्षिकेनं सहज सांगितलं. मला आठवलं ते माझं पाप. लहानपणी त्या हॉलमध्ये मी एक गोष्ट केली होती, आणि पस्तीस वर्षं ती कुणाला सांगितली नव्हती. मायला सांगायची तर त्या हॉलमध्येच, नाहीतर कधीच नाही, असं मी मनाशी ठरवलं.

हे दोन हजार आठच्या आसपासचं. मी तेव्हा सौंदडला शिकवत होते आणि माय माझ्याजवळच राहत होती. "चल, हॉल पाहून येऊ," म्हटल्यावर ती म्हणाली, "काऊन? तिथं का सोनं गाडून ठेवलं हाय?" पण रविवारी सकाळी मी उठले तेव्हा ती ठेवणीतलं लुगडं नेसून, मांडीवर पिशवी घेऊन दारात बसलेली. गाडीला अजून दोन तास होते.

गोंदियाला उतरून ऑटो केला. ऑटोवाला तरुण होता. "कौन सा हॉल, मॅडम? मॅरेज हॉल?" त्यानं विचारलं. माय भडकली. "मॅरेज हॉल राहीन तुह्या घरी," ती म्हणाली, आणि पुढे सगळा रस्ता तिनंच दाखवला. तो बिचारा हसत हसत "जी अम्मा, जी अम्मा" करत वळत गेला.

आमची वस्ती बिडी मजुरांची. समाजवादी पुढाऱ्यांचा जोर होता त्या काळात युनियननं तिथं चाळी उभारून घेतल्या आणि मधोमध हा हॉल बांधला. बांधला म्हणजे मजुरांनीच बांधला. सुट्टीच्या दिवशी घरटी एक माणूस विटा वाहायला जाई. आमच्या घरून माय जायची. दर्शनी भिंतीवर सिमेंटमध्ये तेंदूचं मोठं पान कोरलेलं होतं. आम्ही गेलो तेव्हा त्या पानावर कुठल्या तरी शिकवणीची जाहिरात चिकटवलेली होती. मायनं हात पोचेल तेवढी ती फाडली.

चौकीदारानं फारसे आढेवेढे घेतले नाहीत. "देख लो अम्मा, लेकिन संभल के, पटिये ढीले हैं," म्हणत त्यानं कुलूप काढलं. आत धूळ, कबुतरं आणि ओला वास. रंगमंच होता तसाच होता, फळ्या तेवढ्या खिळखिळ्या झालेल्या, आणि मला तो फार लहान वाटला. पडदा नव्हता. बायकांच्या बाजूला भिंतीवर दोन दिव्यांच्या खुणा तेवढ्या राहिल्या होत्या.

त्या दोन दिव्यांबद्दल सांगायला हवं. आमच्या हॉलमध्ये नाटक दुपारी व्हायचं, कारण सांजेला बायकांना बिड्यांचा माल नेऊन द्यायचा असे. माल द्यायचा तर बांधायला हवा, म्हणून बायका नाटकालाही मांडीवर सूप घेऊन येत. सुपात कापलेली पानं, जर्दा आणि दोऱ्याची रिळं. नजर रंगमंचावर आणि बोटं सुपात. त्यांच्यासाठी युनियनच्या सेक्रेटरीनं नियमच करून टाकला होता: खेळ सुरू झाला की सगळा हॉल अंधारायचा, पण बायकांच्या बाजूचे दोन दिवे चालू ठेवायचे. नागपूरहून एकदा आलेला नाटकवाला यावरून फार चिडला होता म्हणे. त्याला सांगितलं गेलं, दिवे राहतील, तुम्हाला जायचं तर जा.

बाईचं काम बाईनंच करायचं, हा युनियनचा दुसरा हट्ट. इतर ठिकाणी मिशा काढून पुरुष उभे राहत. आमच्याकडे एका वर्षी मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, बायकोचं काम मायला मिळालं. मी नऊ वर्षांची होते आणि घरी मायच्या सुपाशी बसून बिड्यांची टोकं दुमडू लागले होते. दोन महिने घरात तेच. चूल फुंकताना ती संवाद म्हणायची, पाणी भरताना म्हणायची. मालगुजाराच्या दारात त्याचा गरीब मेव्हणा येतो, मालगुजार त्याला हाकलायला निघतो, आणि ही मान वर करून बोलते, असा तो प्रवेश. सगळं नाटक त्या बोलण्यावर फिरायचं. मला ते बोलणं पाठ झालं होतं, शेजारणींनाही झालं होतं.

खेळाच्या दिवशी माय उसनं रेशमी लुगडं नेसून उभी राहिली. गळ्यात काचेच्या मण्यांची माळ. मालगुजाराचं भाषण लांबलचक होतं. माय ऐकत उभी होती, आणि ऐकता ऐकता तिची बोटं हलायला लागली. पान पसरलं, जर्दा भरला, गुंडाळलं, टोक दुमडलं, दोरा फिरवला. पान नव्हतं, जर्दा नव्हता, पण हात थांबेनात. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी सतरंजीवरून ओरडले, "अवो, माय बिडी बांधून राहिली!"

सगळा हॉल हशानं फुटला. मालगुजार स्वतः इतका हसला की त्याची मिशी लोंबायला लागली. कुणीतरी पडदा पाडला. तो प्रवेश तिथंच संपला, मायचं बोलणं राहिलं ते राहिलंच. पुढच्या वर्षी तिला बोलवायला माणसं घरी आली, तर तिनं हात जोडले. परत ती रंगमंचावर चढली नाही. कोण ओरडलं याची चौकशी कुणी केली नाही आणि मी मूग गिळून बसले.

आता माय पुढच्या रांगेतली एक खुर्ची पदरानं पुसत होती. मी म्हटलं, "माय, त्या दिवशी ओरडली ते मी होती."

"कोनत्या दिवशी?"

"तू बिडी बांधून राहिली म्हणून."

"मंग?" ती पुसतच राहिली. "मले का माहीत नोहोतं? पोटच्या पोरीचा आवाज येते ना वळखू."

मला चक्क राग आला. पस्तीस वर्षं मी हे ओझं वाहिलं आणि हिला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक! "मंग बोलली काऊन नाही? माझ्यामुळं तुझं नाटक सुटलं."

"तुह्यामुळंच सुटलं," ती म्हणाली. आमच्याकडे गोड करून सांगायची पद्धत नाही. खुर्चीवर बसून तिनं पाय पसरले. "पन लोक हसले म्हनून नाही. लोकाइचं काय, मी बी पडद्यामागं जाऊन पोट धरून हसली. मले लागलं ते दुसरंच. तू नऊ वर्साची पोर. माय रेशमी लुगडं नेसून उभी हाय, गळ्यात माळ हाय, आन् तुले दिसलं काय? बिडी. एवढ्या हॉलात कोनाले दिसली नाही, तुलेच दिसली. मी म्हटलं, या पोरीचे हात सुपातून काढाच लागते. तुह्या वाटचं काम मी घेतलं अंगावर. मंग तालमीले येळ कुठून आनू?"

मला ते दिवस आठवले. त्या खेळानंतर मायनं मला सुपाजवळ बसू देणं बंद केलं होतं. मी टोकं दुमडायला सरसावले की हातावर फटका मारायची आणि म्हणायची, "जाय, पुस्तक घे." मला वाटायचं, ती रागावली आहे, म्हणून जवळ बसू देत नाही. कितीतरी दिवस मी पुस्तकात तोंड खुपसून रडले आहे. त्याच पुस्तकांवर मी मास्तरीण झाले, आणि वर हिला आपणच सांभाळतो आहोत अशा तोऱ्यात तिला घेऊन इथं आले होते. माझ्या डोळ्यांना धार लागली.

"रडून कायले राहिली?" माय वैतागली. "ऊठ. मले हात दे."

चौकीदार "अम्मा, पटिये, पटिये" म्हणत असताना ती बाजूच्या पायऱ्या चढली. गुडघे कुरकुरत होते, तीही कुरकुरत होती. मधोमध जाऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, "तू मागं जाय. अगदी मागं."

मी शेवटच्या रांगेपर्यंत गेले. मायनं पदर नीट केला, मान वर केली, आणि तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती अशी स्वच्छ, पुस्तकी मराठी आली: "दार उघडा. बाहेर उभा आहे तो भिकारी नाही, माझा भाऊ आहे. तो या दारातून उपाशी गेला, तर त्याच्या मागोमाग मीही जाईन."

कबुतरं उडाली. चौकीदार किल्ल्या धरून नुसता पाहत राहिला.

"आलं का ऐकू?" मायनं विचारलं.

मी हात वर करून आलं म्हणून दाखवलं.

"हात कायले दाखवतेस? त्या दिवशी तं चांगला गळा फुटला होता. बोल ना!"

"आलं, माय," मी ओरडले. "इथपर्यंत आलं."