हसण्यासाठी ठेवलेली जागा

अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावी एम.ए. करायला आले, त्या वर्षी मला विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम मिळालं. गावातल्या वयस्कर लोकांच्या घरी जायचं, त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या आणि नंतर त्या टाइप करून ग्रंथालयात जमा करायच्या. व्हिडिओ कॉलवर पप्पांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे नुसतं ऐकत बसायचं? आणि त्याचा पगार?" पप्पा सांगलीत टेम्पो चालवतात. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मी नक्की काय करते हे सांगताना माझीच तारांबळ उडते. मी म्हटलं, "ऐकायचं कसं तेसुद्धा शिकवतात इथे."

आणि शिकवलंही होतं. समोरचा बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, "हो का", "अरे वा" करायचं नाही, कसलाही आवाज करायचा नाही. फक्त मान हलवायची. रेकॉर्डिंगमध्ये त्याचाच आवाज आला पाहिजे. बाकीच्या विद्यार्थ्यांना हे जड गेलं. मला नाही गेलं. मोठी माणसं बोलताना समोर बसून दात काढायचे नाहीत, हे माझ्या अंगातच होतं.

माझ्या वाट्याला आले एक इंग्रज गृहस्थ. एके काळी ते इंग्लंडमध्ये टीव्हीवरचे विनोदी नट होते. पत्नी गेल्यावर ते मुलीकडे राहायला आले. मुलगी आमच्याच विद्यापीठात शिकवते. मी त्यांना आडनावापुढे मिस्टर लावून हाक मारायचे, मनात मात्र काका म्हणायचे. आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत व्हायचं. मला आठवतं ते मात्र मराठीतच आठवतं, म्हणून तसंच लिहिते.

दर शनिवारी मी कॅम्पसच्या बसने त्यांच्याकडे जायचे. ते इस्त्रीचा शर्ट घालून तयार असायचे. त्यांचे वडील बुटांच्या कारखान्यात होते. मुलानेही तिथेच लागावं असं त्यांना वाटायचं, पण मुलगा गावात आलेल्या एका नाटक कंपनीबरोबर निघून गेला. आधी झाडलोट, मग पडदा ओढणं, मग "बाईसाहेब, गाडी आली आहे" एवढंच एक वाक्य. बरीच वर्षं अशी गेल्यावर त्यांना टीव्हीवर एक भूमिका मिळाली. पोस्ट ऑफिसातला कारकून. माणूस रांगेत तासभर उभा राहून खिडकीशी पोचला की हा पाटी लावून खिडकी बंद करणार. एवढ्यावर मालिका कितीतरी वर्षं चालली. वडिलांनी ती एकदाच पाहिली. पाहून झाल्यावर म्हणाले, "तू तर सगळा वेळ बसूनच असतोस."

मालिका संपली आणि त्यांचं काम थांबलं. दुसऱ्या कुठल्याही भूमिकेत त्यांना पाहिलं की लोकांना तो कारकूनच दिसायचा. एका गंभीर नाटकात ते मरणाच्या दारातल्या राजाचं काम करत होते, तर मागून कोणीतरी ओरडलं, "खिडकी उघड की रे!"

हे सांगून ते थांबले. माझ्याकडे पाहत राहिले. मला वाटलं, जुनं दुःख वर आलं. मी पाण्याचा ग्लास हळूच त्यांच्यापुढे सरकवला.

असं बऱ्याचदा व्हायचं. एकदा ते खऱ्याखुऱ्या पोस्टात पार्सल टाकायला गेले होते. खिडकीवरच्या माणसाने त्यांना ओळखलं आणि हसत हसत खिडकी बंद केली. मागच्या रांगेने टाळ्या वाजवल्या. यांना वाकून अभिवादन करावं लागलं आणि तेच पार्सल घेऊन घरी यावं लागलं. "मेव्हणा अजून त्या स्वेटरची वाट बघतोय," ते म्हणाले, आणि पुन्हा थांबले. मला वाटलं, पुढचं विसरले. मी अदबीने म्हटलं, "मेव्हण्यांपर्यंत आलो होतो आपण."

"हो," ते म्हणाले. "आलो होतो."

मार्चअखेरच्या एका शनिवारी संध्याकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला. गावच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये एप्रिलमध्ये त्यांचा एक कार्यक्रम ठरला होता: तासभर आठवणी आणि त्या कारकुनाचा एक प्रवेश. बारा-तेरा वर्षांनी ते लोकांसमोर उभे राहणार होते. मुलीने फार खटपट करून त्यांना तयार केलं होतं.

"बाबा कार्यक्रम कॅन्सल करायचा म्हणतायत," ती म्हणाली. "तुझ्याशी बोलावंसं वाटलं. रागावू नकोस. ते म्हणाले, ती मुलगी फार चांगली आहे. इतके आठवडे माझं सगळं ऐकते. एकदाही हसली नाही. मी थांबलो की मला पाणी देते."

 मी सॉरी, सॉरी एवढंच म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. माझी नागपूरची रूममेट भेंडी चिरत होती.

"काय झालं? चेहरा का असा?"

मी सांगितलं. तिने सुरी खाली ठेवली. "एक मिनिट. हे तेच काका ना, ज्यांचं रेकॉर्डिंग हेडफोनवर ऐकत तू दर रविवारी वेड्यासारखी हसतेस? मला अभ्यास करू देत नाहीस?"

"तेच. पण त्यांच्यासमोर कसं हसणार? ते त्यांच्या आयुष्याचं सांगत होते."

"लाव जरा. मला ऐकू दे."

मी पार्सलचा किस्सा लावला. ती मेव्हण्यापाशी फसकन हसली. मग रेकॉर्डिंगमधली शांतता आली, आणि त्या शांततेत माझा आवाज. रूममेटने कपाळाला हात लावला.

"अगं बाई! तो माणूस हसायला जागा सोडतोय. जन्मभर पब्लिकसमोर काम केलंय त्याने. हसू संपेपर्यंत थांबायचं, मग पुढचं वाक्य. आणि तू त्याला आठवण करून देतेस! हद्द आहे यार."

"मला वाटलं ते दमले."

"दमलेच असतील आता."

दुसऱ्या दिवशी रविवार होता, आमचा ठरलेला दिवस नव्हे, तरी मी गेले. बसमध्ये इंग्रजी वाक्यं जुळवत होते. दारात पोचेपर्यंत सगळी विसरले. काका शर्टाऐवजी जुन्या स्वेटरमध्ये होते, एकदम म्हातारे दिसत होते. मी बसायच्या आधीच सांगून टाकलं. की आम्हाला आवाज करू नका असं शिकवलंय. की आमच्याकडे मोठ्यांच्या तोंडावर हसत नाहीत. की मी घरी जाऊन हसते, माझ्या रूममेटला विचारा.

ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "तू प्रेमळ मुलगी आहेस." त्यांचा विश्वास बसला नव्हता, हे मला कळलं. नुसतं मन राखायला हसणाऱ्या लोकांची त्यांना सवय असणार.

 मी म्हटलं, "आज मी रेकॉर्डर आणलेला नाही. मला पोस्टात काम आहे."

 ते उठून स्वयंपाकघराच्या ओट्यामागे गेले. तिथे बसायचा स्टूल ओढला, कोपर टेकवलं, आणि माझ्याकडे न बघता नखं तपासू लागले. चेहऱ्यावरची एकही रेषा हलली नाही, पण तिथे आता काका नव्हते. मला एकदम आमच्या आरटीओतला माणूस दिसला. टेम्पोच्या पासिंगसाठी पप्पांबरोबर मी तिथे कितीदा उभी राहिले होते.

"साहेब," मी म्हटलं, "जरा बघता का?" पप्पा तिथे बोलायचे तसंच, मान तिरकी करून.

"बघतोय," ते नखाकडे बघत म्हणाले.

"एकच तिकीट हवं होतं."

"सगळ्यांना एकच हवं असतं." त्यांनी एक बोट वर केलं, खिशातून रुमाल काढला, त्याची नीट घडी केली, पुन्हा उलगडली. मग अत्यंत दुःखाने माझ्याकडे पाहिलं आणि ओट्यावरची पाव कापायची फळी उचलून पाटीसारखी आमच्या दोघांच्या मध्ये उभी केली.

मी हसले. तोंडावर हात गेला, तरी हसू बाहेर आलंच. नाकातून, डोळ्यांतून, आमच्या शाळेत बाईंनी वर्गाबाहेर काढावं तसं. पाटीमागे ते थांबले होते. मी श्वास घेतला, तेव्हाच वरून त्यांचे डोळे दिसले, आणि ते म्हणाले, "बंद आहे म्हटलं ना."

मला खाली बसावं लागलं.

कार्यक्रम झाला. हॉल अर्धाच भरला होता, बरेचसे निवृत्त लोक, काही विद्यार्थी, माझ्या शेजारी माझी रूममेट. ती मालिका कोणीच पाहिलेली नव्हती. राजाच्या किश्शाला दोघं-तिघंच हसले. काका थांबले, मग घाई न करता पुढे गेले. पार्सलला हॉल हसला. खिडकीच्या प्रवेशाला तर मागे बसलेला एक माणूस इतका खोकला की त्याच्या बायकोने पाठ थोपटली, आणि काका त्याचं खोकणं संपेपर्यंत पाटी धरून उभे राहिले.

संपल्यावर लोक त्यांच्याभोवती जमले. गर्दी कमी होईपर्यंत मी भिंतीशी उभी होते. ते माझ्याजवळ आले, घाम पुसत, लाल झालेले. मला वाटलं, आभार मानतील. त्याला काय उत्तर द्यायचं ते मी मनात ठरवतही होते.

"पार्सलच्या किश्शात," ते म्हणाले, "तू आधीच हसलीस. मेव्हणा येऊ दे ना आधी."

"सॉरी."

"पुढच्या महिन्यात मुलीने अजून एक ठरवलाय. बाजूच्या गावात. तेव्हा लक्ष ठेव."