तिसरी पाळी

पाटलाने माझ्या कागदावर पाणी शिंपडलं. भर बैठकीत, तांब्यात बोटं बुडवून, तीनदा. मग कुठे कागदाला हात लावला.

फाळणीनंतर पिंपरीच्या शिवारात सिंध्यांची छावणी बसली आणि विहिरीवरून भांडण पेटलं. छावणीतल्या बायकांच्या घागरी फुटल्या, मग दोन्हीकडची डोकी फुटली. समेट करायचा, तर एकाचं बोलणं दुसऱ्याला कळेना. दोन्ही भाषा येणारा मी एकटाच, महारवाड्यातला. छावणीत विटा वाहता वाहता तिथल्या एका म्हाताऱ्या मास्तरांकडून सिंधी शिकलो, उर्दूही. तिन्ही भाषांत कविता करायचो. खोटं कशाला सांगू, त्याचा भारी माज होता मला.

चावडीसमोर गावाला सतरंजी, सिंध्यांना सतरंजी. मी मातीत, उन्हात. दोन तास इकडचं तिकडे सांगितलं. शिव्या गाळल्या, गाऱ्हाणी तेवढी पोचवली. ठरलं की सकाळी गावाने पाणी भरायचं, दुपारी छावणीने. मी दोन्ही लिप्यांत लिहिलं, खाली पंचांची नावं घातली. कागद दगडावर ठेवला आणि चार पावलं मागे सरलो. कुणी सांगितलंही नव्हतं. आज आठवलं तरी स्वतःची चीड येते.

शाई ओली होती. पाणी पडलं ते नेमकं सिंधी नावांवर. सगळी नावं फिसकटली.

छावणीचा मुखी, म्हणजे सिंध्यांचा पुढारी, ताडकन उठला. सिंधीत ओरडला, "आमची नावं पुसली!" मागची माणसं काठ्या चाचपू लागली.

पाटील गडबडला. मला म्हणाला, "आरं, सांग त्याला. त्येंच्यासाठी न्हाई शिंपडलं. तू लिवलंस म्हनून शिंपडलं."

माझा विटाळ मीच समजावून सांगायचा! आणि सांगितला. माझ्याच तोंडाने, शिकलेल्या सिंधीत. मुखीचा चेहरा निवळला. "अस्सं होय," म्हणाला आणि खाली बसला. दोन्ही सतरंज्या निवांत झाल्या.

"चल, दुसरा लिव," पाटील म्हणाला.

कोरा कागद पुढ्यात आला तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या विहिरीला आमचा हात लागत नव्हता. माझी आई नदीत झरा उकरून वाटीवाटीने घागर भरत होती. आणि मी शहाणा दोघांच्या पाळ्या लिहीत बसलो होतो.

मी म्हणालो, "संध्याकाळची पाळी महारवाड्याची. तेही लिहितो. नाहीतर काहीच लिहीत नाही."

"लई शाना झालास व्हय रं? गाव पेटलं तर पाप तुझ्या माथी."

"माझ्या नाही," मी म्हणालो. तिसऱ्या पाळीचं मुखीलाही सिंधीत ऐकवलं. त्यानेही मान फिरवली. मी टाक खिशात घातला, पाठ फिरवली आणि चालू लागलो. समेट मोडला.

पुढे दुभाषा होऊन परक्या मुलखांत, परक्या भाषांत भांडणं मिटवायला बसलो. मोठमोठे लोक घाई करतात, लिहा म्हणतात, माणसं मरतील म्हणतात. मी आधी विचारतो, या पाण्यावाचून अजून कोण तहानलेलं आहे आणि ते इथे का नाही? त्याला आणून माझ्या शेजारी बसवा. तोवर एक अक्षर लिहिणार नाही.