सायलेन्सरमागचा निळा धूर

जुनी गाडी बघायला जायचं तर न सांगता, भल्या सकाळी जायचं, असा आबांचा नेम होता. सांगून गेलं की मालक आधीच इंजिन तापवून ठेवतो आणि पहिला धूर, म्हणजे गाडीचं खरं दुखणं, दिसतच नाही. आमचे वडील म्हणजे सैन्यात उभी हयात गाड्या दुरुस्त केलेला माणूस. कुंडलमध्ये त्यांच्या शब्दाशिवाय कुणी जुनी गाडी घेत नसे.

ब्याण्णव-त्र्याण्णवच्या त्या हिवाळ्यात गिऱ्हाईक माझा सख्खा भाऊ होता. शिरवळच्या कारखान्यातली नोकरी सोडून दादा वडापची, म्हणजे गावोगाव भाड्यानं माणसं नेणारी, जीप घेणार होता. आबांनी हो म्हटलं की दुसऱ्या दिवशी राजीनामा. तो लिहून त्यानं खिशातच ठेवला होता.

कडेगावात पोचलो तेव्हा जीपचा मालक दात घासत होता. आबांनी आधी बॉनेटवर हात ठेवला. गार होतं. मग ते जीपच्या मागं जाऊन उभे राहिले, शेजारी मी. दादानं स्टार्टर मारला, इंजिन खोकलं आणि सायलेन्सरमधून धूर आला. निळा. आबांनीच माझ्याकडून घोकून घेतलं होतं: पांढरा गारठ्याचा, थोड्या वेळानं जातो; काळा डिझेल जास्त झाल्याचा; निळा दिसला की इंजिन ऑईल जाळतंय, हात जोडून घरी यायचं.

"रेस दे," आबा म्हणाले. धूर आणखी दाटला. "पांढरा हाय. गारठ्याचा. जाईल."

मालकानं माझ्याकडं बघितलं आणि पटकन नजर वळवली. त्यालाही रंग दिसत होता.

"मेजर म्हणत्यात म्हंजे झालंच की," तो म्हणाला. सैन्यातून आलेला प्रत्येकजण आमच्याकडं मेजरच. दादा हसत खाली उतरला आणि पिशवीतला नारळ काढू लागला.

एरवी माझ्या जिभेला हाड नाही, असं घरात सगळे म्हणतात. त्या दिवशी ती टाळ्याला चिकटली. परक्यासमोर आबांना खोटं पाडायचं? आणि गप्प बसले तर दादाचं काय?

"आबा, परत बघा की जरा."

"बघितलंय." त्यांचा आवाज चढला. "तू शिकवतीस व्हय मला?"

मला राग आला, आणि त्या रागानंच काम केलं. मी त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला, सायलेन्सरच्या तोंडाशी धरला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बोटांनी चोळला. नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरला.

"नारळ ठेव आत," ते दादाला म्हणाले. "ऑईल खातीया गाडी."

एसटी स्टँडवर दादा चहा आणायला गेला. आबा माझ्याकडं बघत बसले होते. माझ्या अंगावर त्यांनीच दिवाळीला पसंत केलेली निळी साडी होती, दुसऱ्यांदाच नेसलेली.

"हीच का गं दिवाळीची?" पदर चिमटीत धरून त्यांनी विचारलं.

"व्हय, आबा."

"मला वाटलं, धुऊन धुऊन रंग गेला."