गेरलिंडने दारोदार पोचवलेली नावं

शेजारच्या घरात सासूसुनेचं नावावरून वाजलं, तेव्हा मी त्यांच्या खिडकीखाली शेंगा सोलत होते. लहान होते, पण कान शाबूत होते.

"सासूबाई, एवढ्याशा पोरीला काय भाला म्हणून हाक मारायची?" बाळंतीण हेडविग रडकुंडीला आली होती.

"नुसता भाला नाही गं. गेर म्हणजे भाला, लिंड म्हणजे मऊ. घरात दोन्ही लागतं. माझ्या आजीने मला दिलं, मी हिला देणार."

"मग शेवटी एक 'ए' तरी लावू द्या. गेरलिंडे. जरा नाजूक वाटेल."

"शेपूट गाईला असतं. नावाला कशाला?"

सासू जिंकली. पोरीचं नाव गेरलिंड. शाळेत मास्तर दरवर्षी शेवटी 'ए' लावायचे आणि ही दरवर्षी तो शांतपणे खोडून वही परत करायची. पुढे पाद्रीबुवांनी सांगितलं की, लिंड म्हणजे लिंडनचं झाडही. जुने लोक त्याच्या लाकडाच्या ढाली करत. गेरलिंड म्हणाली, "भालाही मीच, ढालही मीच? मग भांडायला दुसरं कुणी लागायलाच नको."

आमच्या वेस्टफालियातल्या गावात जन्म असो की मरण, घरचे लोक स्वतः सांगत फिरत नाहीत. ते पहिल्या शेजाऱ्याचं काम. आमचा आणि श्युल्टेंचा पहिला शेजारी म्हणजे गेरलिंडचं घर. दर दारात निरोप्याला दारूचा एक छोटा पेला मिळतो, तोही रीतीचाच. गेरलिंडचा बाप एकदा म्हाताऱ्या श्युल्टेंच्या मरणाचा निरोप घेऊन निघाला आणि शेवटच्या घरांपर्यंत पोचेतो "श्युल्टेंकडे मुलगा झाला" असं सांगू लागला. लोक बाळ झालं की न्यायचा तो मनुकांचा पाव घेऊन, हसत हसत मयताच्या घरी! त्या दिवसापासून बापाला घरी बसवून हे काम गेरलिंडने घेतलं. पेला ओठाला लावायची आणि भरलेलाच परत द्यायची.

लग्न तिने केलं नाही. गाई सांभाळल्या, म्हातारी आई सांभाळली. भावाच्या मुलींना भावजयीने नव्या तऱ्हेची नावं दिली. "नाव माझ्यावर थांबलं ना थेक्लाताई, तर वर आजी मला दार उघडायची नाही," असं ती मला हसून म्हणायची. पण हसू लवकर मावळायचं.

माझी नात यान्ने म्हणजे तिची धर्मकन्या; बाप्तिस्म्याला गेरलिंडनेच तिला हातात धरलं होतं. यान्नेला दिवस गेले, तेव्हा साऱ्या गावाने गृहीत धरलं की मुलगी झाली तर धर्मआईचंच नाव मिळणार. आमच्याकडे तशीच रीत. गेरलिंडने आजीचा बाप्तिस्म्याचा झगा धुऊन, इस्त्री करून ठेवला.

मुलगी झाली. दारोदार काय सांगायचं ते विचारायला गेरलिंड आली. यान्ने खाली बघत म्हणाली, "मावशी, नाव रोमी ठेवलंय."

माझाच पारा चढला. "काय गं, लाज आहे का? ही बाई आयुष्यभर..."

"थेक्लाताई, तुम्ही गप्प बसा," गेरलिंड म्हणाली. "मी आजवर लोकांची नावं पोचवली, आता काय त्यात माझं घुसडू? मागून घेतलेल्या नावाने पोर ओ तरी देईल का?"

"राग आला ना, मावशी?" यान्नेने विचारलं.

"आला की. सायकल चालवता चालवता जाईल. रोमीचा अर्थ काय?"

"रोझमारीचं छोटं रूप आहे."

"म्हणजे गुलाब आलाच त्यात. काटेही असतील, बरंय. आणि झगा मी आणून देते. तो काय नाव विचारून अंगात जात नाही."

त्याच वर्षी पानगळीत गोठ्यातून येताना गेरलिंडला मरण आलं. म्हणजे रोमीचा हा तिने पोचवलेला शेवटचा निरोप, पण तेव्हा कुणाला ठाऊक? त्या दिवशी तिने डोक्याला रुमाल बांधला, गुडघा चोळला आणि सायकल काढली. तेरम्योलेन म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं; त्याच्या दारात काय झालं ते त्यानेच मला मागाहून सांगितलं. दारात उभी राहून ती म्हणाली, "यान्नेला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत."

"नाव तुझंच ना?" त्याने विचारलं.

"नाही. रोमी!" ती एवढ्या खणखणीत आवाजात म्हणाली, की पलीकडच्या घरातलं कुत्रं भुंकलं. मग तिने सायकल त्याच घराच्या फाटकाकडे वळवली.