उगवणकाकांचा आकडा

मशीनचा आकडा उगवणकाका कधीच एका दमात मान्य करत नसत. "मोजले, बरं झालं. पन उगवतीन का?" हा प्रश्न ठरलेला.

काका केनवडचे, मी तिथून जवळच्याच मालेगावची. नागपूरच्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आमची टेबलं शेजारी होती आणि काम एकच: रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी मोजायच्या. माझं मशीन तासाभरात जिवंत पेशींचा आकडा द्यायचं. काका त्याच पेशी बशीतल्या दाट खाद्यात पेरायचे, चौदा दिवस उबेत ठेवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली उगवलेले पुंजके मोजायचे. "सोयाबीन पेराच्या आधी शंभर दाने ओल्या पोत्यात गुंडाळून पाह्यतोच ना आपन? मंग?" म्हणून ते उगवणकाका.

प्रत्येक खेपेला ते चांगल्या, ताज्या पेशींची एक बशी सोबत लावायचे. "मातीच खराब असन, तर बियाले कायले शिव्या द्याच्या?" मोजताना बश्यांवरची नावं चिकटपट्टीनं झाकायचे. "नाव दिसलं की मन मोजते, डोये नाही."

रिसोडच्या एका टेलरची मुलगी, शबाना, आमच्याकडे होती. कर्करोगावरच्या जबर औषधानं तिचं रक्त तयार होणंच थांबणार होतं. म्हणून आधीच काढून गोठवलेल्या तिच्याच पेशी औषधानंतर तिला परत चढवायच्या. त्या उगवल्या नाहीत, तर पुढे काही उपाय नव्हता. गोठवलेल्या पेशींचा नमुना तपासला. माझं मशीन म्हणालं, पुरेशा आहेत. काकांच्या बशीत मात्र अपेक्षेच्या निम्मेच पुंजके. डॉक्टरांनी औषध देणं लांबणीवर टाकलं. पेशी नव्यानं काढायच्या तर कित्येक आठवडे जाणार, आणि आजार काही आमच्यासाठी थांबणार नव्हता.

"काका, तुमच्या बशीचंच काही बिघडलं असन," मी म्हटलं.

"थांब, चांगली बशी पाह्यतो." पाहिली. तिच्यातही निम्मेच! मग त्यांनी सगळ्या बश्या नावं झाकून, सरमिसळ करून माझ्यापुढे ठेवल्या. "घे, मोज." प्रत्येक बशीत माझा आकडा त्यांच्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट निघाला. शेजारच्या खोलीतल्या तंत्रज्ञ बाईंना बोलावलं. त्यांचा आकडा माझ्याशी जुळला.

काकांनी आधी एक डोळा मिटून सूक्ष्मदर्शकात पाहिलं, मग दुसरा; दोन्ही वेळा धूसरच. आणि खो खो हसले. "बश्या झ्याक हायेत पोरी! माह्या डोयात मोतीबिंदू हाय!"

मी त्यांच्या जागी असते तर सूक्ष्मदर्शकाची काच मळली म्हटलं असतं. काका मला घेऊन थेट डॉक्टरांकडे गेले. टेलर समोरच बसले होते, त्यांच्यादेखत बोलले, "साहेब, माहा आकडा चुकला. हिचा धरा."

औषध दिलं, पेशी चढवल्या आणि शबानाचं रक्त पुन्हा व्यवस्थित तयार होऊ लागलं. आता ती बापाच्या दुकानात बसते आणि माप चुकलं तर बापालाच दटावते. काका डोळ्याचं ऑपरेशन करून, ठरल्या वेळी निवृत्त होऊन केनवडला गेले.

मालेगावात माझी स्वतःची छोटी लॅब आहे. गेल्या महिन्यात एका रुग्णाच्या प्लेटलेट मोजताना मी चुकले. मदतनीस बाईंनी दाखवून दिलं. मी आधी बाईंवर चिडले. मग चष्म्याला दोष दिला. चहा प्यायले. शेवटी डॉक्टरांना फोन करून चूक माझी आहे, असं सांगितलं. काकांसारखं हसू काही आलं नाही. तेवढं अजून जमत नाही.